स्वस्तातला धुराचा डबा

ज्या पत्रामुळे मी या घरात आलो, त्या पत्राला तीन वर्षे उत्तर गेले नव्हते. माझे सगळे आयुष्य त्या न लिहिलेल्या उत्तराची वाट पाहण्यात गेले.

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तीन पायांचा स्मोकर आहे. सानगडी गावात मला कोणी स्मोकर म्हणत नाही, धुराचा डबा म्हणतात. उंचीने मी तुमच्या कमरेएवढा. तळाशी निखाऱ्यांची वाटी, मध्ये पाण्याचे ताट, त्यावर दोन जाळ्या आणि डोक्यावर झाकण, एवढाच माझा संसार. शेगडीवर मासा विस्तवाच्या तोंडाशी भाजला जातो. माझ्या पोटात तो विस्तवापासून दूर बसतो आणि धुरात सावकाश शिजतो. घाई करणाऱ्यांचे माझ्याशी जमत नाही.

माझे मालक केवळराम गुरुजी. गावच्या वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षे पुस्तके दिली-घेतली. शिकवले कोणालाच नाही, तरी गाव त्यांना गुरुजी म्हणते, आणि ती हाक ऐकली की ते अजूनही मान खाली घालतात.

पत्र त्यांच्या शाळासोबत्याचे होते, बाबुलालचे. बाबुलालचे जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तो पत्नी मालनबाईंसोबत नव्या वस्तीत राहायला आला. कान गेल्यामुळे त्याला फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून तो अजून पत्रे लिहितो. त्याने लिहिले होते :

"केवळ, नव्या घराले स्लॅब हाय. जुन्या घरी मालन चुलीवर बांबूची जाळी टांगून मासोळ्यांले धूर द्यायची, तुले आठवत असन. इथं धूर बाहीर जात नाही, भिंती काळ्या होतात, सून कावते. बजारात धुराचे लहान डबे भेटतात म्हणतात. सस्त्यातला कोणता घेऊ? तू वाचतं, तुले समजते. तू सांगशीन थोच घेतो."

शेवटच्या वाक्याने गुरुजींचा धीर गेला. त्याचे कारण जुने होते. नव्या वस्तीत भूखंड निवडायचा होता, तेव्हाही बाबुलालने त्यांनाच विचारले होते. कोपऱ्याच्या घराला उजेड आणि वारा भरपूर मिळतो, असे गुरुजींनी कुठेतरी वाचले होते. त्यांनी कोपरा घ्यायला सांगितले. पहिल्याच पावसाळ्यात साऱ्या वस्तीचे पाणी त्या कोपऱ्यात गुडघ्याएवढे साचले. बाबुलाल त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर गुरुजींना बरे वाटले असते. तेव्हापासून कोणी बसची वेळ विचारली तरी ते सांगतात, "एकदा स्टँडवर विचारून घ्या."

म्हणून त्यांनी ठरवले, की आधी आपण एक डबा घ्यायचा, वापरायचा, पुरती खात्री करायची आणि मगच उत्तर लिहायचे.

माझी निवड कशी झाली, ते मला पुढे बेबीबाईंच्या बोलण्यातून कळले. बेबीबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. गुरुजींनी एका वहीत रकाने आखले होते. विजेवर चालणारा डबा त्यांनी खोडला, कारण बाबुलालच्या वस्तीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. बाजूला वेगळी भट्टी असलेला डबा मोठा, महाग आणि अंगण अडवणारा. गोल झाकणाची शेगडी मांस भाजायला चांगली, पण मंद धूर धरायला कठीण. राहिला माझ्यासारखा उभा, लहान, सगळ्यांत स्वस्त. ही निवड करायला दीड महिना लागला. मागवायचे काम बेबीबाईंच्या फोनवर होते.

"आता दाबू का जी?" त्या विचारायच्या.

"थांब. झाकणाबद्दल दोन माणसांनी वाईट लिहिलं आहे."

"तीनशे माणसायनं चांगलं लिवलं थे दिसत नाही तुमाले. लग्नाच्या वक्ती मले पाहाले आले, तवा पाच मिनटांत हो म्हणलं होतं ना?"

"तेव्हा मी काही वाचलं नव्हतं," गुरुजी म्हणाले, आणि बेबीबाईंनी हसत बटण दाबले.

असा मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून सानगडीत आलो. घरामागच्या सांदवाडीत, वांग्याच्या वाफ्याशेजारी, विटांवर मला उभे केले. आयुष्यात मला कोणी इतक्या आदराने हाताळले नव्हते. गुरुजींनी माझा प्रत्येक स्क्रू दोनदा घट्ट केला.

पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. जेवढा धूर जास्त तेवढी चव जास्त, असे समजून गुरुजींनी बाभळीची लाकडे रात्रभर भिजवली, ओलीच निखाऱ्यांवर टाकली आणि झाकणावरचे हवेचे भोक बंद केले. माझ्या सांध्यासांध्यातून पिवळा, दाट धूर निघाला. शेजारून कोणीतरी बादली घेऊन धावत आले. रोहूचे तुकडे काळे ठिक्कर पडले.

बेबीबाईंनी एक तुकडा तोंडात घातला आणि चूळ भरली. "मासोळी होय का डांबर हे? बाबुलाल भाऊले हेच सांगता का?"

गुरुजींनी वहीत लिहिले, 'चूक झाली. डब्याची की माझी, नक्की नाही.'

खरे सांगायचे तर चूक दोघांची होती. गुरुजींना हे ठाऊक नव्हते, की धूर आत कोंडायचा नसतो, तो वाहता ठेवायचा असतो. आणि मी स्वस्तात घडलेला. माझ्या निखाऱ्यांच्या वाटीला खाली भोकच नव्हते. तासाभरात राख साचली की विस्तव गुदमरायचा. माझा पत्रा पातळ. जरा वारा सुटला की मी थंड पडायचो. झाकण नीट बसत नसे, आणि त्यावरचा उष्णतेचा काटा तर सरळ खोटे बोलायचा.

दोन वर्षे गुरुजी माझ्याशी झुंजले. महिन्यातून एखाद्या रविवारी ते मला पेटवत. मासा मीठ लावून, पंख्याखाली कोरडा करून मग जाळीवर ठेवायचा, हे ते शिकले. ओल्या लाकडाऐवजी वाळलेल्या आंब्याच्या ढलप्या वापरायला शिकले. काट्यावर विश्वास न ठेवता माझ्या पोटाशी हात धरून ऊब ओळखायला शिकले. मी दर वेळी थकून जायचो. माझा रंग सोलला, एक पाय वाकला. तो पाय सरळ करायला वेल्डिंगवाला धर्मेंद्र आला, तेव्हा त्याने मला नखाने वाजवून पाहिले.

"गुरुजी, हा पत्रा हाय का पापड? मले सांगतले असते तं ड्रम कापून दिला असता. नातवंडायनं वापरला असता."

"तू आधी का नाही बोललास?"

"तुमी इचारलं कवा जी? तुमी तं पुस्तकाले इचारता."

एका थंडीत मात्र सगळे जुळून आले. त्या दुपारी वारा पडला होता. माझ्या झाकणातून धूर निघत होता तो अगदी विरळ, निळसर, दिसेल न दिसेल असा. चार तासांनी गुरुजींनी झाकण उचलले, तर मरळ मासा तांब्याच्या भांड्यासारखा चकाकत होता. बेबीबाईंनी खाल्ला. मग ताट पुन्हा पुढे केले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात स्तुतीचा दिवस तो एकच.

"आता लिवा पत्र," त्या जेवण झाल्यावर म्हणाल्या.

"एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही," गुरुजी म्हणाले. "अजून दोन-तीन वेळा पाहू."

त्या दोन-तीन वेळा आल्याच नाहीत. गुरुजींचे गुडघे दुखू लागले. वर्ष उलटले तसे त्यांना मला पाहण्याचीच लाज वाटू लागली, कारण मी दिसलो की पत्र आठवायचे. त्यांनी मला न्हाणीच्या भिंतीमागे सरकवले. पावसाळाभर माझ्या पाण्याच्या ताटात पाणी साचले. राख कोणी काढली नव्हती. ओल्या राखेने माझा तळ खाल्ला. एका कोंबडीने माझ्या जाळीवर अंडी घातली, आणि खोटे कशाला बोलू, तिची सोबत मला आवडली. तेवढे तरी काम मला होते.

मग यंदा दिवाळीनंतर बाबुलालची मुलगी तृप्ती घरी आली. ती नर्स आहे, नुकतीच जवळच्या साकोलीला बदलून आली होती. चहा झाल्यावर ती हात धुवायला मागे आली आणि मला पाहून थबकली.

"काका, हा धुराचा डबा? तुमच्याकडे होता?"

गुरुजी दारात उभे होते. "तुझ्या बाबांसाठीच आणला होता. पाहण्यासाठी. त्यांनी घेतला असेल ना एव्हाना?"

"नाही ना जी. दादानं दोनदा आणतो म्हटलं. बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, केवळचं उत्तर आल्याबिगर घेत नाही."

"तीन वर्षे?"

"तीन वर्षे. आता तर आई म्हणते, राहू द्या, दात तरी कुठे राहिले मासोळी खायला." तृप्ती हसत म्हणाली, पण गुरुजी भिंतीला धरून न्हाणीच्या दगडावर बसले.

तिथूनच त्यांनी विचारले, "कोपऱ्यात पाणी साचतं का अजून?"

"साचते ना. आईनं तिथं अळूचा धोपा लावला. ही मोठी मोठी पानं! वस्तीतल्या बाया वड्या करायला आमच्याकडूनच नेतात. बाबा सगळ्यांले सांगतात, जागा केवळनं निवडून दिली."

बेबीबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. चुकीच्या सल्ल्याने त्यांच्या मित्राच्या अंगणात धोपा उगवला होता. सल्ला न दिल्याने मात्र मालनबाईंची तीन वर्षे धुरातल्या मासोळीवाचून कोरडी गेली होती.

"मी नेऊन देते पत्र," तृप्ती निघताना म्हणाली. "लिहा आत्ताच."

"नको. पोस्टानंच टाकतो. उद्या." आणि ती गेल्यावर बेबीबाईंनी 'उद्या' हा शब्द अशा काही आवाजात पुन्हा म्हटला, की गुरुजींनी चष्मा शोधायला घेतला.

सकाळी माझ्याजवळ खुर्ची टाकून ते लिहायला बसले. अकरा पाने झाली. बेबीबाईंनी त्यांतली नऊ काढून घेतली. उरलेली दोन गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवली :

"बाबुलाल, उशीर झाला. माफी मागतो. माझ्याकडे आहे तसला डबा घेऊ नकोस. तो स्वस्त आहे, पण तळाला हवा नाही, पत्रा पातळ आहे. तुमच्याकडच्या वेल्डिंगवाल्याकडून लहान ड्रमचा करून घे. ड्रम खाण्याच्या तेलाचा असावा, औषधाचा किंवा रंगाचा नको. आधी आत चांगला जाळ करून घ्यावा. खाली हवेला भोक, वर धुराला भोक, दोन्ही उघडझाप होणारी. राख काढायला वाट ठेवावी. विस्तव आणि जाळीत हातभर अंतर. धूर निळा दिसला तर मासोळी चांगली, पिवळा दिसला तर झाकण उघड. मालन वहिनींसाठी काटे काढून, मऊ करून दे. यात काही चुकले असेल तर मला लिहून कळव."

मित्रांनो, 'तसला डबा घेऊ नकोस' हे मी ऐकले तेव्हा मला वाईट वाटले. तीन वर्षे जळून, गंजून माझ्याबद्दल एवढेच लिहिले गेले. पण मग मला जाणवले, की या पत्रातले प्रत्येक वाक्य माझ्या अंगावर शिकलेले आहे. मी चांगला असतो तर गुरुजींना काहीच कळले नसते. या विचाराने थकवा गेला नाही, पण त्याचे ओझे थोडे कमी झाले.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर एवढे करा. वापरून झाल्यावर राख थंड करून काढा. जाळ्यांना तेलाचे बोट फिरवा. पावसाळ्यात छपराखाली ठेवा. आणि कोणी मनापासून काही विचारले तर तुम्हाला ठाऊक असेल तेवढे सांगून टाका. सगळे ठाऊक होईपर्यंत थांबू नका.

त्याच दुपारी धर्मेंद्र माझ्या वाटीला भोके पाडायला मला हातगाडीवर घालून घेऊन निघाला. गुरुजी पाकीट छातीशी धरून बाजूने चालत होते. पोस्टाजवळ त्यांनी पाकीट लाल पेटीच्या तोंडात अर्धे सरकवले आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं जी?" धर्मेंद्र गाडी थांबवून म्हणाला.

"हातभर अंतर लिहिलं आहे. दीड हात लिहायला हवं होतं का?"

"गुरुजी, थे पेटी चावत नाही. आन् बाबुलालभाऊ लहान पोरगं नाही. कमी-जास्त करून घेईन तो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मग बोटे सैल केली. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला. पेटी बहुधा रिकामीच असावी.