डावी टाच

माझ्या धाकट्या जावेला मी मनातल्या मनात राणीसरकार म्हणते. ती मला काय म्हणते तेही मला माहीत आहे, कारण एकदा फोनवर तिच्या आईशी बोलताना ती ते चांगलं मोठ्याने म्हणाली होती आणि जिन्याची खिडकी उघडी होती. आम्ही वरच्या मजल्यावर, ते खालच्या. सासूबाई त्यांच्याकडे राहतात, त्यामुळे कुठल्याही भांडणात त्यांची बाजू आधीच ठरलेली.

भांडणाला विषय एकच, पोरं. माझा ढब्बू सतरा महिन्यांचा होईपर्यंत चालला नव्हता. राणीसरकार तेव्हा घरात नव्या होत्या, स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण जीभ होती. चार माणसं जमली की विचारायची, "अजून बसूनच का?" आणि मग हसून त्याला गोणी म्हणायची. पोराला काय कळतंय, पण मला कळत होतं. मी विसरले नाही.

पुढे तिला भिंगरी झाली आणि मग तर विचारूच नका. पहिला दात कितव्या महिन्यात, बसली कितव्या महिन्यात, सगळं जिन्यात उभं राहून वर ओरडून सांगायची. मीही वरून गोड आवाजात म्हणायचे, छान, होऊ दे सावकाश, घाई कसली. त्या गोड आवाजाने तिच्या अंगाचा कसा तिळपापड व्हायचा ते मला वरूनही दिसायचं.

मी बुटांच्या दुकानात काम करते. लहान मुलांचा विभाग, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे मापाची लोखंडी पाटी आहे, तिच्यावर मुलाला दोन्ही पायांवर उभं करायचं. बसवून माप घेतलेलं चालत नाही, कारण वजन पडल्याशिवाय पाऊल खरं पसरत नाही. टाच मागच्या कडेला टेकवायची, पुढची पट्टी अंगठ्यापर्यंत सरकवायची आणि कार्डावर लिहायचं. तारीख, डावा, उजवा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. कार्ड पेटीत राहतं, म्हणजे पुढच्या वेळी पाय किती वाढला ते कळतं.

कधीकधी एखाद्या मुलाची एक टाच खाली येतच नाही. तेव्हा पुन्हा उभं करून बघायचं, तीनदा. तरी आली नाही तर आईला बाजूला घेऊन हळूच सांगायचं, की घाबरू नका, पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. मी असं आजवर सात-आठ जणींना सांगितलंय. दोघी चिडल्या होत्या. एकीने वर्षाने परत येऊन माझा हात धरला होता. बराच वेळ तो सोडला नाही.

भिंगरी वर्षाची झाली त्या आठवड्यात राणीसरकार तिला पहिले बूट घ्यायला आमच्या दुकानात घेऊन आल्या. दुसरीकडे गेली असती तर बरं झालं असतं, पण तिला मला दाखवायचं होतं ना, की पोरगी उभी राहते. मी पाटी मांडली. भिंगरी माझा खांदा धरून उभी राहिली. उजवी टाच टेकली. डावी बोटभर वर. मी पुन्हा उभी केली. पुन्हा वर. तिसऱ्यांदा मी तिचा गुडघा अलगद दाबून पाहिला, तरी वरच. मी कार्डावर लिहिलं, डावी टाच टेकत नाही. आणि सांगायला मान वर केली.

नेमकी त्याच वेळी ती शेजारच्या बाकावरच्या बाईला सांगत होती, "यांचा मुलगा तर दीड वर्षाचा होईस्तोवर गोणीसारखा बसून होता. आमची बघा, वर्षाची होते न होते तोच उभी." ती बाई हसली.

मी पेनाचं टोपण लावलं. एक नंबर मोठा घे, वाढता पाय आहे, एवढंच म्हणाले आणि बूट बांधून दिले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं, की चालू दे लंगडत चार लोकांत, मग कळेल. अक्षरन् अक्षर असंच आलं. लहान मुलं चवड्यावर उभी राहतातच, होईल आपोआप सरळ, हे मी नंतर स्वतःला समजावलं. पण आधी ते आलं होतं.

चार महिन्यांनी भिंगरी चालली. रविवार, दुपारची वेळ, आम्ही सगळे खालच्या खोलीत. दीर फोन धरून तयारच होता. सासूबाईंनी हात सोडला आणि पोरगी बापाकडे निघाली. एक, दोन, तीन. प्रत्येक डाव्या पावलाला तिचं अख्खं अंग डावीकडे कलायचं आणि पुन्हा सावरायचं. सहा पावलं टाकून ती धपकन बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ढब्बूनेसुद्धा. ते बघून भिंगरीनेही स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला चहा थंड झाला होता.

मी म्हणाले, "हिचा डावा पाय आखूड पडतोय. डॉक्टरांना दाखवा. उद्याच दाखवा."

असं म्हणायची ही वेळ नव्हती, हे मला आता कळतं. पण चार महिने गिळलेलं तोंडातून बाहेर पडायला वेळ बघत नाही. खोली एकदम पेटली. दीर म्हणाला, वहिनी, आजच्या दिवशी तरी. सासूबाई म्हणाल्या, तुला चांगलं बघवतच नाही का गं. आणि राणीसरकारने पोरीला उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुमच्या पोटात का दुखतंय ते कळतंय आम्हाला. माझी सोळाव्यात चालली, तुमचा सतराव्यात. एका महिन्यासाठी माझ्या पोरीला लंगडी करताय?"

महिने तर मीही सव्वा वर्ष जिन्यात उभी राहून मोजत होते.

जिना चढताना नवरा म्हणाला की आज जरा तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं. तोंड बंद ठेवूनच बिघडलं होतं, पण ते त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. कार्ड दाखवलं असतं तर सगळ्यांची तोंडं गप्प झाली असती. पण कार्डावर तारीख होती. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर मी पेटीतून भिंगरीचं कार्ड काढलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. फाडायचं म्हणून काढलं होतं. फाडलं नाही, परतही ठेवलं नाही. रोज बसचा पास काढताना हाताला लागायचं.

मग दोन महिने आमच्या घरात जे चाललं त्याला युद्ध म्हणायला हरकत नाही. वरचं पाणी खाली गळतं म्हणून तक्रार. ढब्बू धावतो म्हणून छतावर काठीने ठोकणं. ती समोरून आली की मी जिन्यात भिंतीकडे बघायचे, ती माझ्याकडे अशी बघायची की भिंत बरी. भिंगरीला माझ्याकडे यायची बंदी. पोरगी मात्र मी दिसले की हात पसरायची आणि मग तिला आत ओढून नेलं जायचं, मागून दार आपटायचं. ते दार आपटणं अजून कानात आहे.

जिन्याखाली बुटांचं कपाट आहे. एकदा कामाला निघताना मी भिंगरीचे बूट हातात घेतले. उजव्याची टाच झिजलेली, जशी झिजायला हवी तशी. डाव्याची टाच कोरी करकरीत, आणि पुढचं टोक मात्र घासून पांढरं पडलेलं. बोलून उपयोग नव्हता. मी डावा बूट उलटा केला, तळवा वर, आणि तिच्या दारासमोर ठेवला. संध्याकाळी आले तेव्हा तो कपाटात सरळ ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा केला. पुन्हा सरळ. सासूबाई म्हणायच्या, उलटा बूट दिसला की घरात भांडण होतं. जसं काही बूट सरळ असताना आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडत होतो.

असे पंधरा-वीस दिवस गेले. तिला वाटत असणार मी छळतेय, आणि थोडं छळतच होते, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू. पण त्याहून जास्त मला वाटत होतं की बाई, एकदा बघ. शिव्या दे मला, पण आधी बघ.

एका संध्याकाळी घरी आले तर बूट उलटाच होता. सकाळी ठेवला होता तिथेच. त्याच्या शेजारी उजवाही उलटा करून ठेवलेला होता, दोन्ही तळवे वर. तिने दोन्ही ताडून पाहिले होते. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

तिसऱ्या दिवशी सासूबाई वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर्ष-दीड वर्षात वर आल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून आधी दम खाल्ला, मग सांगितलं. डाव्या खुब्याचं हाड जागेवर नाही, जन्मापासूनच नसावं. ऑपरेशन करावं लागेल, मग कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, कित्येक आठवडे. वर्षाची असताना आणली असती तर कदाचित नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित, हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला. पाय सुधारेल, पण तेव्हाच कळायला हवं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझं ऐकलं नाही गं आम्ही. त्यांनी माझी माफी मागितली. माझी. मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी राणीसरकार दुकानात आली. कडेवर भिंगरी. पुढे दोन गिऱ्हाइकं होती, ती शांतपणे त्यांच्या मागे उभी राहिली, कुणी अनोळखी बाई राहते तशी. तिचा नंबर आल्यावर म्हणाली की डॉक्टरांना पहिल्यापासूनची माहिती हवी आहे, कधीपासून काय दिसत होतं ते. वर्षाची असताना इथे माप घेतलं होतं, त्याचं कार्ड असेल, ते द्या.

कार्डांची पेटी माझ्या कोपराशी होती. सापडत नाही म्हणाले असते तर ती गेली असती. पेटीत ते खरोखरच नव्हतं. मी पेटीवर हात ठेवला, अगदी झाकणसुद्धा उघडलं. भिंगरीने माझ्याकडे बघून हात पसरले. मी झाकण लावलं, खाली वाकले आणि माझी पर्स काढली.

पर्समधून कार्ड बाहेर येताना तिने पाहिलं. तेव्हाच तिला अर्धं कळलं असावं. तिने कार्ड वाचलं. तारखेवर बोट ठेवलं, मग शेऱ्यावर. पुन्हा तारखेवर. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि देवाशपथ, मला ते हवं होतं.

"हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

खूप कारणं सांगता आली असती. मुलं चवड्यावर उभी राहतातच, मी काही डॉक्टर नाही, गर्दी होती. मी म्हणाले, "तू ढब्बूला गोणी म्हणालीस म्हणून."

तोंडातून बाहेर पडल्यावर ते इतकं क्षुल्लक वाटलं की माझं मलाच ऐकवेना. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला तो शब्द आठवत असावा, कारण मी असं कधी म्हणाले, हे तिने विचारलं नाही. बाकावरच्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या होत्या. तिने कार्ड स्वतःच्या पर्समध्ये टाकलं, भिंगरीला कडेवरून उतरवलं आणि मापाच्या पाटीवर उभं केलं.

"घ्या माप."

मी गुडघ्यांवर बसले. भिंगरीने माझा खांदा धरला. उजवी टाच टेकली. डावी वर राहिली, आता बोटभर नाही, दोन बोटं. मी पट्टी सरकवली, आकडा दोनदा वाचला. नवीन कार्डावर तारीख घातली, डावा, उजवा, शेरा. लिहून कार्ड वर धरलं. तिने घेतलं नाही.

"लिहिता येतं तुम्हाला, ते माहीत आहे," ती म्हणाली. "आता सांगा. तेव्हा सांगायचं होतं तसं. तोंडाने."

मी मान वर केली. अकरा वर्षांत सात-आठ जणींना सांगितलेलं वाक्य, मला पाठ होतं.

"हिची डावी टाच टेकत नाही," मी म्हणाले. "घाबरू नका, पण एकदा डॉक्टरांना..."

पुढचं निघेना. ती वाट बघत उभी राहिली, जराही मदत न करता. माझा खांदा धरून पाटीवर उभ्या असलेल्या भिंगरीने तेवढ्यात खांदा सोडला. उभं राहिलं की सगळे टाळ्या वाजवतात, एवढंच तिला ठाऊक होतं. कुणी वाजवत नाही म्हटल्यावर तिने स्वतःच वाजवल्या.

"दाखवून घ्या," मी म्हणाले.

राणीसरकारने कार्ड घेतलं, पोरीला उचललं आणि निघून गेली.