कातडी कमावणाऱ्यांचा बार्थोलोम्यू

मित्रांनो, मला पाहून लहान मुले आईच्या मागे लपतात. त्यात त्यांचा दोष नाही. अक्रोडाच्या लाकडाचा मी एक जुना पुतळा, आणि माझा डावा हात कोपरापासून तोडलेला आहे. ज्यांच्या नावाने मला घडवले ते संत बार्थोलोम्यू येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. जिवंतपणी त्यांची कातडी सोलून त्यांना मारले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

इटलीच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. वर डोंगरावर गाव, खाली नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांची घरे. वरचे लोक खाली उतरले की नाकाला रुमाल लावत. त्यांच्या चर्चमध्ये आमच्या माणसांना शेवटच्या बाकावर बसावे लागे. म्हणून नदीकाठच्या लोकांनी स्वतःचे छोटे चर्च बांधले आणि गास्पारे नावाच्या कारागिराला मला घडवायला सांगितले. कातडे हाच ज्यांचा धंदा, त्यांना दुसरा कोणता संत जवळचा वाटणार?

गास्पारे हट्टी होता. ओले कातडे हातावरून कसे लोंबते, हे पाहायला तो तीन दिवस कातडी भिजवायच्या कुंडांपाशी बसून राहिला. मग त्याने माझ्या डाव्या हातावर माझेच सोललेले कातडे कोरले. त्याला घड्या होत्या, बोटे होती, मिटलेल्या डोळ्यांचा चेहराही होता. कातडी कमावणाऱ्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने त्यावर अंगठा फिरवला आणि तो म्हणाला, "हे अजून दोन दिवस वाळायला हवं." मला याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नाही.

ऑगस्टमध्ये माझा सण असे. आठ माणसे मला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत नेत. त्यात सावेरियो पुढच्या उजव्या बाजूला असायचा. रुंद खांद्यांचा, थट्टेखोर माणूस. माझ्या वजनावरून तो दर वर्षी मला टोमणे मारी, की संतांनी उपास केलेले दिसत नाहीत.

एका हिवाळ्यात त्याच्या मानेवर काळा फोड आला. कच्च्या कातड्यांतून हा रोग येतो, हे नदीकाठी सर्वांना ठाऊक होते. फोड पसरत गेला, कातडी काळी पडून गळू लागली. त्याच्या हट्टापायी त्याची बायको प्रुदेन्झा आणि दोन शेजारी त्याला खुर्चीत बसवून माझ्यापुढे घेऊन आले. तो बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. मग बायकोला म्हणाला, "यानं सगळं दिलं. माझं एवढंसंच चाललंय." चार दिवसांनी तो गेला. शेवटपर्यंत तो शांत होता, असे प्रुदेन्झा सांगे.

पुढच्या वसंतात आमच्या चर्चला फादर काल्लिस्तो आले. तरुण, प्रामाणिक, खूप वाचलेले. एका रविवारी त्यांनी प्रेषितांच्या मरणाविषयी प्रवचन केले. ते म्हणाले की प्रेषित कसे मेले, हे खात्रीने फार थोडे माहीत आहे. बार्थोलोम्यूंची कातडी सोलली असे कोणी लिहिले, कोणी लिहिले की शिरच्छेद केला, कोणी म्हणे उलटे टांगले, तर कोणी म्हणे पोत्यात घालून समुद्रात फेकले. ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते, असेही कोणी सांगे. तेव्हा श्रद्धा या भीषण गोष्टींवर टेकवू नका.

प्रुदेन्झा बाकावरून उठली.

"फादर, मग माझ्या नवऱ्याला कुणी खोटं सांगितलं?"

"खोटं नाही, बाई. आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणतोय मी."

"मरणाऱ्याला 'माहीत नाही' उशाला घेऊन झोपता येत नाही, फादर."

फादरांनी प्रवचन तिथेच आटोपले. पण त्यांचा विचार बदलला नाही. मुले मला घाबरतात, याचेही त्यांना वाईट वाटत होते. त्यांनी तुल्लियो सुताराला बोलावले आणि ते कातडे काढून टाकायला सांगितले. तुल्लियो नदीकाठचाच. त्याने टोपी काढली, माझी माफी मागितली, आणि करवत लावली. कातडे आणि हात एकाच ओंडक्यातून कोरलेले होते, त्यामुळे हातही गेला. मी लाकूड आहे. दुखले म्हणणार नाही. पण दात घट्ट आवळून रडणारा सुतार मी त्या दिवशी पाहिला. तोडलेला तुकडा प्रुदेन्झाने मागून नेला. फादरांनी नाही म्हटले नाही.

ऑगस्ट आला. फादर दारात उभे राहिले. आठ खांदे हवे होते, एकही आला नाही. घंटा वाजून थांबली. दुपार उलटल्यावर फादर माझ्या पायाशी बसले आणि हळूच म्हणाले, "मी खरंच बोललो होतो. पण ते कुणापुढे बोलतोय, हे पाहिलं नाही."

ते उठून प्रुदेन्झाकडे गेले. तुल्लियो तो तुकडा पुन्हा जोडून देईल, असे त्यांनी तिला सांगितले. तिने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले की तो तुकडा सावेरियोच्या कबरीत पुरला आहे. आता तो उकरायचा नाही.

परत येऊन फादरांनी हे सारे मला मोठ्याने सांगितले, जणू मीच त्यांचा कबुलीजबाब ऐकणार होतो. पुढे अकरा वर्षे ते इथे राहिले. प्रवचनात ते खरेच सांगत, पण आधी घरोघर जाऊन बसत. मला मात्र पुन्हा कोणी खांद्यावर घेतले नाही.

प्रुदेन्झा दर महिन्याला यायची. स्टुलावर चढून माझ्या तुटक्या कोपराला जवसाचे तेल चोळायची, कातड्याला चोळतात तसे. ती गेली, कुंडे बंद पडली, तरुण माणसे शहरात गेली. आता माझ्या लाकडाला भेगा पडल्या आहेत आणि कीड आत शिरली आहे. पाहुण्यांना सांगतात की हात किडीनेच खाल्ला.

मित्रांनो, माझी डागडुजी केलीत तरी मला नवा हात बसवू नका. भेगांना थोडे तेल मात्र लावा. आणि कोणी विचारले की हा हात कसा गेला, तर माहीत आहे तेवढेच सांगा. पण सांगण्याआधी, विचारणारा कोणते दुःख घेऊन आला आहे, तेवढे पाहून घ्या.