परस्पर ठरलेली गोष्ट

कुलूपवाल्याचा स्वभाव मुळातच संशयी. लोक म्हणत, धंद्याचा गुण. बायको म्हणे, स्वभाव आधी, धंदा नंतर. त्यामुळे संध्याकाळी लेकीचा, चिमीचा, फ्रॉक कडक इस्त्रीचा दिसला, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी तोच फ्रॉक चुरगळलेला होता आणि बायको दुपारपासून दवाखान्यात ड्युटीवर होती.

"इस्त्री कोणी केली गं?"

"शाळेत," चिमी म्हणाली. पण पोरीला खोटं बोलायची सवय नव्हती. कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो शाळेसमोर एका जिन्याच्या आडोशाला उभा राहिला. शाळा सुटली. वर्गाच्या बाई चिमीचा हात धरून रस्ता ओलांडून आल्या आणि तिला थेट कोपऱ्यावरच्या लाँड्रीत घेऊन गेल्या. लाँड्रीवाल्या मावशींनी इकडेतिकडे बघत तिला आत घेतलं. कुलूपवाल्याचं डोकं भणभणलं. गल्लीतल्या कपड्यांबरोबर गल्लीतल्या भानगडीही या मावशीकडे धुवायला पडत. आता आमच्या घरातलं पोरीकडून काढून घेते काय?

तो तरातरा आत शिरला. चिमी गाठोड्यावर बसून रुमालांच्या घड्या घालत होती. त्याला बघताच तिचे हात थांबले.

"माझी पोर इथं काय करते?"

बाई गडबडल्या, पण बोलल्या. "तिला घरी एकटीला भीती वाटते. तिन्ही कुलपं आतून लावायची, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असं तुम्ही सांगितलंय ना? शाळा सुटायची वेळ झाली की ती रडायला लागायची."

तो मुलीकडे वळला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू माझ्यासाठी केली होतीस ना ती कुलपं," चिमी पुटपुटली. "तुला वाईट वाटलं असतं."

ते त्याला लागलं. तरी राग गेला नाही. "बाई, शाळेला कळलं, लाँड्रीला कळलं, आणि बाप तेवढा परका? परस्पर ठरवून मोकळ्या झालात."

"तुला सांगितलं असतं तर तू चौथं कुलूप केलं असतंस," मावशी म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. "मावशी, यांचं बरोबर आहे. मी आधी यांच्या घरी जायला हवं होतं. घाबरले, म्हणून नाही गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोलाही घेऊन तो आला आणि चौघं लाँड्रीच्या फळीपाशी बोलत बसले. चिमीनं मावशींकडेच बसायचं ठरलं, पण गरम इस्त्रीपासून लांब. आणि अंधार पडायच्या आत बापानं तिला न्यायचं. ठरलं तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. काही ना काही निमित्त काढून तो मध्येच डोकावे. "ये, पोरीची बोटं मोजून घे," मावशी म्हणत. तो खरंच बघून जाई.

चिमीचं रडणं थांबलं. पुढे एकदा बाई त्याच्याच दुकानात आल्या. वर्गातल्या आणखी दोघांची घरं दुपारी रिकामी असतात, मावशींकडे जागा अपुरी आहे. थोडा वेळ मुलं इथं बसली तर चालेल का?

त्यानं हातातली कानस खाली ठेवली. "त्यांच्या घरी विचारलंत?"

"तिकडेच निघालेय."

"थांबा," तो म्हणाला आणि शटर ओढायला उठला. "मीही येतो."