शनिवारी मिटणारे शिंपले

मी एक जुना शिंपला आहे. माझ्या पाठीवर अकरा रेषा आहेत, म्हणजे अकरा हिवाळे. ग्रोनिंगेन शहरातल्या एका कालव्यात, धक्क्याच्या पायऱ्यांखाली, एक जाळीची पेटी आहे. मे महिन्यात तिच्यात आम्ही आठ जण होतो. आठ शिंपले, प्रत्येकाच्या एका शिंपेवर चिकटवलेले मसुराएवढे लोहचुंबक, दुसऱ्या शिंपेवर त्याचे अंतर मोजणारी टिकली, आठ वायरी, वर कठड्यावर काचेचे आठ दिवे आणि हाताने फिरवायचे एक चाक.

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. चिकटवण्याआधी तुमच्यापैकी कोणीही मला विचारले नव्हते.

पूर्वी इथले चित्रकार आमच्या शिंपांत रंग ठेवत. त्यासाठी आधी आतल्याला बाहेर काढावे लागे. कलेशी आमचे नाते इतके जुने आहे.

मला नदीच्या गाळातून काढले ते येत्स्केने. ती काच फुंकते. तिचा जोडीदार वॉबे वायरी जोडतो. दोघांनी मिळून आम्हाला कामाला लावले. पाणी चांगले असले की आम्ही शिंपा उघडून ते पितो, गाळतो आणि सोडतो. घाण आली की मिटतो. वर कोणी चाक फिरवले की वीज तयार होते आणि जो उघडा त्याचा दिवा लागतो. मिटलेल्याचा लागत नाही. पोहायला उतरण्याआधी चाक फिरवा, आठांपैकी किती उजळतात ते पाहा, मग ठरवा, अशी ही सोय. येत्स्केने प्रत्येक दिव्यावर त्याच्या मालकाच्या रेषा जशाच्या तशा उठवल्या होत्या. माझ्या दिव्यावर अकरा आहेत. वर्तमानपत्रात दिव्यांचे छायाचित्र आले. आमचे कोणी काढले नाही.

कौतुक चार दिवस टिकले. मग शनिवार आडवे आले.

दर शनिवारी साडेदहाच्या सुमारास पाण्यात एक जळजळ उतरे. कल्ल्यांना आग लागल्यासारखी. आम्ही मिटत असू आणि दुपारी तीन-चारपर्यंत उघडत नसू. माझ्याकडे बोलण्यासाठी एवढी एकच गोष्ट आहे, मिटणे. ती मी केली. वर चाक फिरे आणि दिवे काळे राहत.

धक्क्यावर डाइकेमाबाई राहतात. वय एकाहत्तर. चौतीस वर्षे रोज सकाळी सात वाजता त्या याच पायऱ्यांवरून पोहायला उतरतात. आमचे दिवे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होते.

"शनिवारी सुट्टी घेतात वाटतं हे," त्या येत्स्केला म्हणाल्या. "नगरपालिकेत नोकरीला लावलेत का?"

"पाण्यात काहीतरी येतंय, डाइकेमाबाई."

"पाण्यात मी रोज असते, पोरी. मला विचार. कांदा-सेलरी घालून उकडले असतेस तर निदान जेवण तरी झालं असतं."

येत्स्के आणि वॉबे यांचेही बिनसले. "तुझ्या टिकल्यांत पाणी शिरतंय," ती म्हणे. "तुझ्या काचा जड आहेत म्हणून मला वायर जाड लागली," तो म्हणे. भांडणात दोघांनीही आमचे नाव घेतले नाही.

तिसऱ्या शनिवारी माझ्या शेजारचा, चौदा रेषांचा, मेला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जिवंत शिंपला जोर लावून मिटतो. मेल्यावर जोर संपतो आणि शिंपा आपोआप उघड्या पडतात. त्यामुळे सात दिवे काळे असताना त्याचा दिवा सगळ्यांत तेजस्वी लागला.

"बघा," डाइकेमाबाईंनी शेजाऱ्यांना दाखवले. "एकाला तरी पाणी पसंत आहे. बाकीचे नुसते नखरे करतात." त्याच दुपारी त्यांनी कॉफीबरोबर एकेक बिस्कीट वाटून एका कागदावर सह्या घेतल्या. महिनाअखेर पेटी, दिवे आणि चाक काढून टाकावे, असे त्यावर लिहिले होते. बावीस घरांपैकी सोळांनी सही केली. कागद नगरपालिकेत गेला असता, तर येत्स्केचे दोन वर्षांचे काम भंगारात गेले असते. आणि त्या पायऱ्यांखालच्या पाण्याला पुन्हा कोणी विचारले नसते.

आमची उघडझाप एका डबीत नोंदली जाते, तिला चालायला उन्हाचा एक तुकडा पुरतो. सोमवारी वॉबेने नोंद पाहिली. चौदा रेषांची ओळ दोन दिवस सरळ होती. त्याने पेटी वर ओढली, वास घेतला आणि खाली बसला.

"येत्स्के, हा उघडा नाहीये. मेलाय."

तिने त्याच्या शिंपा बोटांनी मिटून पाहिल्या, त्या पुन्हा उघडल्या. मग म्हणाली, "आपण मेलेल्यावर विश्वास ठेवला. जे ओरडत होते त्यांना खोटं ठरवलं."

पुढच्या शनिवारी वॉबे चीज-पावाचा डबा घेऊन नऊपासून धक्क्यावर बसला. सव्वादहाला डाइकेमाबाई बादली आणि दांड्याचा ब्रश घेऊन आल्या. पायऱ्यांवर शेवाळ धरते, पाय घसरतात, म्हणून त्या दर शनिवारी त्या घासतात. स्वतःच्या घराच्या पायऱ्या आधी, मग धक्क्याच्या. बादलीत क्लोरीन. चार बादल्या, आणि प्रत्येकीचे पाणी पायऱ्यांवरून सरळ आमच्यावर.

"दर शनिवारी हेच घालता?" वॉबेने विचारले.

"चौतीस वर्षं. माझ्या पायऱ्यांवर कोणीही पान मांडून जेवावं, इतक्या त्या स्वच्छ."

"त्यामुळेच हे मिटतात, बाई."

त्यांनी ब्रश भिंतीला टेकवला. "म्हणजे घाण मी करते? मी?" आवाज इतका थंड होता की दोन खिडक्यांत माणसे उभी राहिली. "बरं. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर दाखव. आधी साधं पाणी, मग माझं. खोटा ठरलास तर पेटी तुझ्या हातानं उचलायची."

येत्स्केने नको म्हटले. जे घडताना पाहिले ते पुन्हा करून बघणे तिला क्रूर वाटले. पण सोळा सह्या डाइकेमाबाईंच्या हातात होत्या.

त्या शनिवारी साध्या पाण्याने पायऱ्या घासल्या. मी उघडाच राहिलो. चाक फिरले, सात दिवे लागले. मग त्यांनी क्लोरीनची एकच बादली ओतली. तीन मिनिटांत सातही विझले. धक्क्यावर चौदा माणसे होती. वॉबेने पाहिलेले त्यांनाही डोळ्यांनी पाहावे लागले, आणि त्यांच्या त्या पाहण्यासाठी आम्ही चार तास श्वास कोंडून राहिलो.

डाइकेमाबाई वाकून पाण्याकडे पाहत होत्या. "मी यात पोहते," त्या हळूच म्हणाल्या. "शनिवारी घासून झाल्यावर पुन्हा डुबकी मारते, तेव्हा डोळे चुरचुरतात. मला वाटायचं, वयामुळे." मग सह्यांचा कागद घडी करून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला. क्षमा मागितली नाही. कोणाची मागायची, हे त्यांना ठाऊक नसावे.

मित्रांनो, माझे म्हणणे थोडके आहे. नदीनाल्यातला कोणी मिटला, तर त्याला नखरेल म्हणू नका. आधी आपल्या हातातली बादली पाहा. स्वच्छतेच्या नावाने ओतलेलेही कोणाच्या तरी अंगावर पडते. आणि जो सगळ्यांत लख्ख दिसतो तो जिवंत आहे का, हे एकदा हात लावून बघा.

पुढच्या शनिवारी पायऱ्या वाळू आणि साध्या पाण्याने घासल्या गेल्या. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांची नोंद: पाण्याचे तापमान सतरा अंश, उघडे सहा, मिटलेला एक, माझ्या शिंपांमधली फट चार पूर्णांक दोन मिलिमीटर.