पोसणाऱ्या पेशी

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी अश्वजितला समोर बसवलं. अश्वजित भोकरला वीज मंडळात लाइनमन. मूल होत नव्हतं म्हणून तो तपासणीला आला होता. शेजारी बायको, प्रियदर्शनी.

"वृषणाचा बारीकसा तुकडा तपासला," बाई म्हणाल्या. "आतल्या पोसणाऱ्या पेशी शाबूत आहेत. त्या एक प्रथिन सोडतात. बीजाच्या मूळ पेशींना 'जगा, वाढा' असा तो सांगावा असतो. सांगावा आजही जातोय, पण घ्यायला मूळ पेशीच उरल्या नाहीत. मग शुक्राणू कुठून तयार होणार? लहानपणी काही मोठं दुखणं?"

झालं होतं, अश्वजितनं सांगितलं. शाळेत असताना रक्ताचा कॅन्सर. बाप मारोती त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्याचे जिने चढला होता. सलाइनमधल्या जालीम औषधांनी पोर हाती लागलं.

"त्याच औषधांनी या मूळ पेशीही गेल्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"काही उपाय?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"संशोधन चालू आहे. आज तरी माझ्या हातात काही नाही."

परतीची बस नांदेडला पोचली. मग अश्वजित म्हणाला, "औषधाचं बाबाला सांगायचं न्हाई. काळीज फुटंल त्याचं."

"आन् तुमची माय मला चार बायांत वांझ म्हणतात, त्याचं काय?"

"ते आजच मिटवतो."

घरी आई पंचफुला दारातच भेटली. आत बाजेवर मारोती बसला होता. अश्वजितनं चप्पलही काढली नाही. "माय, दोष हिच्यात न्हाई. माझ्यात हाय. जन्मापासूनच."

पंचफुला मटकन खाली बसली. सुनेला घालूनपाडून बोललेलं सगळं तिच्या तोंडावर उतरलं. मग तिचा हात स्वतःच्या पोटावर गेला. "जन्मापासून? म्हंजी माझ्याच कुशीत कमी पडलं की रे!" आणि ती कपाळ बडवून घेऊ लागली.

बापाला वाचवायला सांगितलेलं खोटं आईला जाऊन लागलं. प्रियदर्शनीनं सासूचे हात घट्ट धरले. "अहो, खरं सांगा आता."

अश्वजितनं सांगितलं. बापाकडं बघायची हिंमत झाली नाही.

मारोती बाजेवरून उठून त्याच्यापाशी आला. म्हणाला, "तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरनं तवाच सांगितलं असतं, तरी बी मी औषध थांबवलं नसतं, पोरा. मला तू पाहिजे होतास." धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून म्हातारा हुंदके देऊ लागला.

पंचफुला सुनेकडं वळली. "लई वाईट बोलले गं तुला. राहशील ना पोरी, आमच्यात?"

"राहीन," प्रियदर्शनी म्हणाली. "पण आज मला कुणी समजावू नका."

ती आतल्या खोलीत गेली. अश्वजित तिच्यामागं जायला उठला, आणि दारापाशीच थांबला.