ठिगळावरचा पांढरा

पैज साधी होती. मी हरलो तर व्याह्यांनी मला कपाट समजून बांधायचं, ट्रकवर उभं करायचं आणि भर बाजारातून न्यायचं.

कपाटाची कल्पना माझीच. तोंड माझं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याचा पंप असलेल्या खोलीत एक जुनं पूल टेबल आहे. कोणीतरी घर सोडताना ते इथेच टाकून गेला, कारण ते दारातून बाहेर निघेना. व्याही पहिल्यांदा खाली आले तेव्हा त्यांनी टेबलाकडे बघितलंच नाही. दाराकडे बघितलं आणि विचारलं, "हे आत कसं आणलं?" त्यांचा धंदाच तो. लोकांच्या घरातलं सामान बांधायचं, ट्रकमध्ये भरायचं, दुसरीकडे नेऊन उतरवायचं.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. आपलं जुनं घर सोडून मुलाकडे राहायला आले, आणि त्यांचा मुलगा म्हणजे माझा जावई आमच्या समोरच्याच दारात राहतो. या इमारतीत ते कुणाला ओळखत नव्हते. कामावरून आले की हातपाय धुऊन खाली यायचे आणि बाकावर बसायचे. टेबलाचा नियम असा की जिंकेल तो खेळत राहील, हरेल तो उठेल. बहुतेक वेळा टेबलावर मीच असायचो. व्याह्यांचा नंबर आला की ते दोन-चार फटके मारायचे, ज्याने बाकीच्या बॉलना मारायचं तो पांढरा बॉलच पॉकेटात घालायचे, "छान खेळलात" म्हणायचे आणि परत बाकावर.

त्या संध्याकाळी ते असेच उठले तेव्हा मी म्हणालो, "व्याही ज्या दिवशी मला हरवतील, त्या दिवशी मी त्यांच्या ट्रकमध्ये कपाट होऊन उभा राहीन."

"लागली पैज," टायरवाला म्हणाला. टायरवाला माझ्या डोक्यावर राहतो, म्हणजे वरच्या मजल्यावर. दिवसभर लोकांच्या चाकात हवा भरतो, संध्याकाळी जे सापडेल त्यात भरतो. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी. एकच डाव. सगळ्यांसमोर."

सगळे हसले. मग व्याही म्हणाले, "आणि मी हरलो तर?"

हा विचार कुणी केलाच नव्हता.

"हरलो तर मी पुन्हा नंबर लावणार नाही," व्याही म्हणाले. "तुमचाही वेळ जातो उगाच." किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं आणि काठीच्या टोकाला लावायचा खडू जागेवर ठेवला.

मी म्हणालो, "ठरलं."

घरी पोचतोय तोवर लेक आमच्या दारात उभी. बातमी जिन्याने माझ्याआधी चढली होती.

"बाबा, पप्पा खाली आले नाहीत तर कुठे जाणार?" सासऱ्यांना ती पप्पा म्हणते.

"टीव्ही आहे की."

"ते टीव्ही बंद असतानाही त्याच्याकडेच बघत बसतात. तुम्ही त्यांना खेळायला शिकवा."

"मी? अगं, त्यांच्यासमोर खेळणार मीच आहे."

"म्हणूनच तुम्ही."

आतून बायको म्हणाली, "शिकवा हो. तेवढंच तोंड कामाला लागेल."

मी शिकवायचं कबूल केलं. काय शिकवणार ते काही बोललो नाही. मी किल्ल्या बनवतो. दुकानात दिवसभर लोक पत्ता विचारतात आणि मी इतक्या प्रामाणिक चेहऱ्याने चुकीचा पत्ता सांगतो की माणूस पोचल्यावरसुद्धा स्वतःलाच दोष देतो. हा चेहरा मी व्याह्यांसाठी काढला.

सकाळी दुकानं उघडायच्या आधी आम्ही खाली भेटायचो. पहिल्या दिवशी मी गंभीरपणे म्हणालो, "व्याही, पॉकेटकडे बघायचं नाही."

"मग बॉल आत कसा जाणार?"

"पॉकेट काय पळून जातंय? पांढरा कुठे जाऊन थांबणार, तिकडे बघायचं. मारायच्या आधी जागा ठरवायची."

व्याह्यांनी खिशातून काचसामानाला गुंडाळतात तो खाकी कागद काढला, तळहाताएवढा फाडला आणि टेबलावर ठेवला. "इथे?"

"इथेच," मी म्हणालो आणि गाल आतून चावला.

त्या आठवड्यात त्यांचा एकही बॉल पॉकेटात गेला नाही. पांढरा मात्र कागदावर जायला लागला. "थांबला!" असं ते दर वेळी म्हणायचे. रंगीत बॉल तिकडे भलतीकडे भटकत असायचा. मी म्हणायचो, "वा."

मग मी पुढचा धडा काढला. "फटका असा मारायचा की शेजारी बाळ झोपलं असेल तर उठू नये." व्याह्यांनी मान डोलावली. म्हणाले, झोपलेल्या बाळासकट पाळणा हलवलाय त्यांनी, जिन्यावरून.

मग म्हटलं, आता यांचं डोकं पुरतं गरगरवून टाकू. "खरी गोष्ट सांगतो, व्याही. सुरुवात शेवटून करायची. काळा बॉल सगळ्यात शेवटी घालायचा असतो ना? मग आधी तो कुठे घालायचा ते ठरवा. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा. असं उलटं येत येत पहिल्यापर्यंत या."

व्याह्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"म्हणजे शेवटी उतरवायचं ते आधी चढवायचं."

"तसंच काहीतरी."

"मग हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" असं म्हणून ते टेबलाकडे बघायला लागले. रिकाम्या ट्रकसमोर उभे राहून बघत असतील तसे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

शेवटचा धडा मी चहा पिता पिता दिला. "काहीच जमण्यासारखं नसेल तर उगाच मारामारी करायची नाही. पांढरा कुठेतरी आडोशाला नेऊन ठेवायचा. समोरच्याची पंचाईत झाली पाहिजे."

"हे चालतं?"

"नियमातच आहे."

"बरं नाही वाटत हो. व्याह्यांची पंचाईत करायची म्हणजे..."

"होईल सवय."

रोज दुकानात जाताना मी टायरवाल्याकडे थांबायचो आणि त्या दिवशीचा धडा सांगून पोट धरून हसायचो. तो टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत असायचा.

"आज काय शिकवलंस?"

"अडचण आली की लपून बसा."

"आणि त्याआधी?"

"शेवटून सुरुवात करा. हळू मारा. पॉकेटकडे बघू नका."

टायरवाल्याने ट्यूब पाण्याबाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं. "तू त्यांना काय शिकवतोयस ते तुला कळतंय ना?"

"गंमत."

"बरं," तो म्हणाला आणि भोकावर खडूने गोल काढला.

रविवारी खोलीत पंपालाही जागा उरली नाही. बायको आणि लेक दारात उभ्या. टायरवाल्याने बाक भिंतीला सरकवला, म्हणजे लोकांना उभं राहता येईल. व्याही मोकळ्या बाकाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

पहिला फटका मारून मी बॉलचा ढीग फोडला. आवाज असा झाला की कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं. दोन साधे बॉल आत, म्हणजे एकरंगी सगळे माझे, पट्टेवाले व्याह्यांचे. मग कोपऱ्यातला, लांबचा, टाळी. मग कडेला आपटून मधल्या पॉकेटात, शिट्टी. मी काठी फिरवून दाखवली. माझ्या पांढऱ्याचं मात्र माझ्या लहानपणासारखं होतं, कुठे गेलाय ते नंतर कळायचं. पण पुढचा फटका अवघड असला की टाळी मोठी मिळते, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. माझा एक साधा आणि काळा एवढंच उरलं तेव्हा पांढरा जाऊन व्याह्यांच्या पट्टेवाल्यांच्या गर्दीमागे बसला. मी जोरात मारून बघितलं. माझ्या साध्याला लागलं, पण आत काही गेलं नाही.

आता टेबलावर सगळे पट्टेवाले, आणि माझे बॉल वाटेतून मीच साफ केलेले.

व्याही उठले आणि टेबलाभोवती फिरायला लागले. आधी काळ्यापाशी थांबले. मग जवळच्या पॉकेटापाशी. तिथे टेबलाच्या हिरव्या कापडाला एक ठिगळ आहे. इस्त्रीने कोणीतरी जाळलं आणि शिवलं. बॉल त्यावर चढला की दम लागल्यासारखा थांबतो. त्या ठिगळाला आम्ही सगळ्यांनी शिव्या दिल्या आहेत. व्याह्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"कपाट," ते स्वतःशी म्हणाले. मग एकेका बॉलकडे बघत मागे आले. "त्याआधी पलंग. त्याआधी खोकी..."

"चहा आणू का?" टायरवाल्याने विचारलं.

मग ते खेळायला लागले. एक पट्टेवाला पॉकेटाच्या अगदी तोंडाशी होता, फुंकर मारली तरी जाईल असा. तो त्यांनी सोडला.

"व्याही, तो राहिला," मी म्हणालो.

"असू दे. तो शेवटी हाताशी लागेल."

त्यांचा फटका ऐकूसुद्धा येत नव्हता. बॉल आत जायचा, पांढरा दोन पावलं चालून उभा राहायचा, आणि पुढचा बॉल त्याच्या नाकासमोर असायचा. इतका कंटाळवाणा खेळ मी आयुष्यात पाहिला नाही. टाळी वाजवावी असा एकही फटका नाही, कारण अवघड असा एकही फटका नाही. लोक जांभया द्यायचे सोडून पुढे सरकायला लागले, हे मला आवडलं नाही.

मग एक पट्टेवाला कडेला चिकटलेला निघाला. तो जाण्यासारखा नव्हता. व्याह्यांनी बघितलं, परत बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा हं." आणि पांढरा हळूच काळ्याच्या मागे नेऊन ठेवला. माझा साधा काळ्याच्या पलीकडे.

"हे कुठे शिकलात?" दारातून माझ्या बायकोने विचारलं.

"यांनीच शिकवलं," व्याही म्हणाले.

टायरवाला छताकडे बघत होता.

मी वाकडा फटका मारला. माझा साधा राहिला बाजूला, पांढरा जाऊन व्याह्यांच्याच चिकटलेल्या बॉलला लागला आणि त्याला कडेपासून मोकळं केलं. चूक माझी, म्हणून नियमाप्रमाणे पांढरा व्याह्यांच्या हातात, हवा तिथे ठेवायला. "आभारी आहे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, तेच लागलं.

तो गेला. मग तोंडाशी थांबलेला तो सोपा बॉल. व्याह्यांनी तो बाळाला हात लावावा तसा आत ढकलला, आणि पांढरा चालत निघाला. चालला, चालला, ठिगळावर चढला आणि तिथेच बसला. समोर काळा. त्याच्या मागे पॉकेट. एका रेषेत.

आता एवढंच उरलं होतं. व्याह्यांनी खडू लावला. परत लावला. त्यांची नजर एकदा भिंतीला सरकवलेल्या बाकाकडे गेली.

सांगायचं राहिलं. माझ्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असतो. समोरचा शेवटचा फटका मारायला वाकला की तो खळकन वाजतो, आपोआप. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. लेक दारातून माझ्या खिशाकडेच बघत होती.

व्याही वाकले. माझा हात खिशात गेला आणि जुडग्याभोवती मूठ इतकी घट्ट आवळली की दाते तळव्यात रुतले. किल्ली वाजली नाही. का ते मला विचारू नका, हात घामाने ओला झाला होता.

काळा पॉकेटात पडला त्याचा आवाजही हळूच आला.

व्याह्यांनी सवयीने "छान खेळलात" म्हटलं आणि बाकाकडे निघाले. टायरवाल्याने त्यांना दंडाला धरून फिरवलं. "तिकडे कुठे? जिंकेल तो टेबलावर."

दुसऱ्या दिवशी एका कुटुंबाचं घर हलवायचं होतं. मला सकाळीच खाली बोलावलं. व्याह्यांनी मला कामासारखं काम म्हणून बांधलं. खांद्यांना गोधडी, गुडघ्यांना पुठ्ठा, कोपरांना पुठ्ठा, वरून दोर. लेकीने छातीवर कागद चिकटवला: "नाजूक. उलटं करू नये."

"मागे दाराशी ठेवा, लोकांना दिसेल," टायरवाला म्हणाला. त्याने दुकान बंद ठेवलं होतं.

"नाही. आधी चढवायचं," व्याही म्हणाले. "सगळ्यात शेवटी उतरायचंय."

म्हणून मला केबिनला पाठ लावून उभं केलं, कपाट आडवं नेत नाहीत म्हणून. मग त्या कुटुंबाचा सोफा, भांड्यांची खोकी, एक सायकल. टपाचा ट्रक नव्हे, उघडा. माझं डोकं सगळ्यांच्या वर.

बाजारात गर्दी ऐन भरात होती. भाजीवालीने माप टाकून बघितलं. माझ्या बंद दुकानासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं. वर बघून त्याने विचारलं, "अहो, माझी किल्ली झाली का?"

"झाली," मी म्हणालो. "मला उतरवतील तेव्हा या."

"कधी उतरवणार?"

"शेवटी."

केबिनची मागची काच सरकली. "पुठ्ठा टोचत नाही ना?" व्याही म्हणाले.

"डावा गुडघा जरा."

"पुढच्या वळणावर सैल करतो. संध्याकाळी येताय ना खाली?"

"येतो की."

"लवकर या," व्याही म्हणाले. "नंबर लावावा लागेल तुम्हाला."

आणि त्यांनी भर चौकात, गरज नसताना, लांबलचक हॉर्न वाजवला.