सप्ताहात आलेले डोळे

एक्याऐंशी साली डोळ्यांची साथ आली, तेव्हा बोरिवलीच्या आमच्या वसाहतीत आधी तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग पेपरात छापून आलं की ही साथ परदेशातही पसरलीय, तशी तिला एकदम मान आला. ज्याचे डोळे येतील तो विलायतेहून परतल्यासारखा काळा गॉगल लावून गॅलरीत बसू लागला. घरटी एक गॉगल घेतला जाई, आणि तो घरातल्या पुरुषाच्या नाकावर असे. बायकांनी विचारलं तर उत्तर तयार होतं, "तुम्हाला कशाला? मान खाली घालून चाललं की झालं." नजरेला नजर भिडली की ही साथ लागते, यावर वसाहतीचं एकमत होतं.

दत्तमंदिराच्या समितीचे सेक्रेटरी दत्ताराम. आधी गिरणीत, आता गोरेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. माणूस खरोखर भाविक. कीर्तनात बुवांनी टाळ्यांचा ठेका वाढवला की यांचं भान हरपायचं. समितीच्या मीटिंगमध्येही ते थोडं हरपलेलंच असायचं.

त्यांची मुलगी नलिनी बारावी पास झाली होती आणि नर्सिंगच्या शाळेत तिला मुलाखतीला बोलावलं होतं, येत्या गुरुवारी. तिथल्या अर्जांच्या खिडकीवरच्या बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "दारातच डोळे तपासणार. लाल दिसले तर तशीच परत. मग पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षीची सोय दत्तारामांनी आधीच करून ठेवली होती. कणकवलीचं एक स्थळ होतं, मुलाचं स्वतःचं भाताचं कोठार होतं. यंदा नर्सिंग जमलं तर ठीक, नाही तर कोठार.

म्हणून नलिनीला एवढंच करायचं होतं, गुरुवारपर्यंत स्वतःचे डोळे पांढरे ठेवायचे.

मंदिराचा सप्ताह तोंडावर आला होता. कीर्तनाला कुंडलिकबुवा सावंतवाडीहून येणार होते, मांडव बांधून झाला होता, आणि साथ काही जात नव्हती. समितीने मीटिंग बोलावली. दत्तारामांनी ठराव मांडला.

"साथीच्या या दिवसांत महिला व मुलींच्या रक्षणासाठी, त्यांनी मांडवात न येता घरूनच कीर्तन ऐकावं. भोंगे चारही बिल्डिंगींना लावलेत. मुलींनी शाळा-कॉलेजातही जाऊ नये."

"आणि मुलगे?" चंपाने विचारलं. चंपा समोरच्या बिल्डिंगीतली, औषधांच्या पॅकिंगला कामाला जायची. कीर्तनाशी तिचा संबंध नव्हता, पण मीटिंग ती चुकवत नसे.

"मुलग्यांचं वर्ष फुकट जाईल, वहिनी."

"आणि मुलींचं?"

"मुलींचं वर्ष घरात राहतं. कुठे जात नाही."

"वा. म्हणजे डोळे तुमचे आले आणि कोंडायचं आम्हाला."

"अहो, समानताच आहे ही," दत्ताराम समजुतीच्या सुरात म्हणाले. "पुरुष घरी बसले आजारी म्हणून, बायका घरी बसतील आजाऱ्यांसाठी. दोघेही घरीच ना?"

चंपा त्यांच्याकडे बघत राहिली. नजरेला नजर भिडू नये म्हणून दत्तारामांनी गॉगल नीट केला. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला.

सप्ताह मोठा रंगला, ते नाकारून चालणार नाही. कुंडलिकबुवांचा गळा असा की आळवणी सुरू झाली की कुकरच्या शिट्टीनेसुद्धा थांबावं. पहिल्या दिवशी पूर्वरंगात बुवांनी सांगितलं, देवाच्या दारी स्त्री-पुरुष हा भेद नाही. समोर सगळे पुरुषच असल्याने ते सर्वांना ताबडतोब पटलं. चारही बिल्डिंगींत बायकांनी पोळ्या लाटता लाटता तेच भोंग्यातून ऐकलं. एखादीचं लाटणं क्षणभर थांबलंही असेल.

शेवटी आरती. तबक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. प्रत्येकाने ज्योतीवर हात धरले आणि ते भक्तिभावाने डोळ्यांना लावले. बुवांचे डोळे प्रवासातच आले होते, पण त्यांनी ते गॉगलआड झाकून ठेवले होते, कार्यक्रम रद्द होऊ नये म्हणून. तबकाला पहिला हात बुवांचा. तिसऱ्या दिवसापासून मांडवातल्या सतरंज्या रिकाम्या दिसू लागल्या.

दत्तारामांच्या घरी थोरला जयवंत आधी पडला. "नले, पाणी आण. नले, पंखा लाव. नले, माझ्या डोळ्यांत कुणीतरी मिरची कुटतंय गं." नलिनी त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची, कापूस उकळून घ्यायची, आणि दर वेळी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. त्याचा टॉवेल तिने वेगळ्या खिळ्याला टांगला होता.

"मी काय महारोगी आहे?" जयवंत म्हणाला.

"नाहीस. पण गुरुवारपर्यंत समज."

त्या संध्याकाळी दत्ताराम मांडवातून तबक घेऊन घरी आले. चेहऱ्यावर औदार्य होतं. "बायका कीर्तनाला नाहीत म्हणून आरतीलाही मुकू नयेत. घरोघर फिरवतोय. घे, नले."

ज्योत संथ तेवत होती. तबकाची कड बोटांच्या डागांनी काळवंडलेली. नलिनीने लांबूनच हात जोडले.

"हात धर आरतीवर."

"बाबा, इथूनच नमस्कार केला."

"डोळ्यांना लाव. देवाची आरती आहे."

"देवाची आहे, पण तबक सगळ्यांचं आहे."

"म्हणजे? देव रोग देतो म्हणतेस?" दत्तारामांचा आवाज दुखावलेला होता, आणि ते दुखणं खरं होतं. "नर्स व्हायच्या आधीच ही भाषा. झाल्यावर काय करशील?"

नलिनीचे डोळे भरून आले. भरलेले डोळेसुद्धा लाल होतात हे आठवून तिने ते मोठ्या कष्टाने आवरले.

तेवढ्यात आतून प्रेमा आली. नवऱ्याच्या हातून तिने तबक घेतलं, घरातल्या देव्हाऱ्यासमोर तीनदा ओवाळलं, निरांजन अलगद उचलून देवापुढे ठेवलं, आणि रिकामं तबक मोरीत नेऊन चिंचेने घासायला बसली.

"अगं, काय करतेस?"

"देवाची आरती देवाक पोचली," प्रेमा म्हणाली. "भांडी माझी, ती मी घासतंय. तुमका आणखी काय होया?"

ओलं, रिकामं तबक घेऊन दत्ताराम तसेच पुढच्या घरी गेले. तिथे पोचेपर्यंत त्यांनी आपलेच डोळे दोनदा चोळले.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या पापण्या चिकटल्या. बुधवारपर्यंत वसाहतीतले झाडून सगळे पुरुष अंथरुणात होते आणि भोंग्यातून कीर्तन ऐकणाऱ्या बायका ठणठणीत. आता कुणालाही वाटेल की यावरून समितीने काही बोध घेतला असेल. समितीने घेतला. आंधळ्या-मिटल्या डोळ्यांनी, भिंतींना चाचपत जमून त्यांनी दुसरा ठराव केला, की ज्यांचे डोळे आलेले नाहीत अशा भगिनींनी घराबाहेर पडू नये, कारण आता पुरुषांना बघायला त्याच उरल्या आहेत. चंपा त्या वेळी कामावर गेली होती, म्हणून एकमत झालं.

ठरावाची अंमलबजावणी आपल्याच घरापासून व्हावी, म्हणून गुरुवारी सकाळी दत्ताराम जिन्याच्या खालच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले. डोळ्यांवर गॉगल, हातात काठी. कुणाचं पाऊल वाजलं की काठी आडवी.

नलिनी खाली आली. निळी साडी, केसांना तेल. मागे प्रेमा, पायांत बाहेरच्या चपला.

"कोण?"

"मी, बाबा. मुलाखतीला चाललेय."

काठी आडवी झाली. "ठराव झालाय."

"तुमचे थेंब राहिलेत," नलिनी म्हणाली. "मान वर करा."

दत्तारामांनी मान वर केली. तिने गॉगल काढला, एकेका डोळ्यात थेंब सोडला आणि नळावर हात धुऊन आली. "आता जरा वेळ मिटून ठेवा. पुढचे थेंब दुपारी. जयवंताला सांगा, त्याला आता बऱ्यापैकी दिसतं."

"आणि जेवण?"

"भात केलेलो आसा," प्रेमा म्हणाली. "वाढून घ्या. ताटा खय आसत ती माहीत नसतीत, तर आता शोधा."

"तू कुठे निघालीस?"

"चेडवाबरोबर. एकटी पाठवायची काय तिका?"

दत्ताराम बसून राहिले. डोळ्यांची आग थांबली होती, पापण्या सुटल्या होत्या, हे त्यांना कळत होतं. उघडले असते तर लेक समोर दिसली असती, आणि दिसली की अडवणं आलं. कीर्तन ऐकून ऐकून एवढं तर माणूस मऊ झालेला असतोच. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि काठी हळूच बाजूला घेतली.

चपलांचे आवाज फाटकापाशी गेले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, कोण गेलं हो?"

"मला काय दिसतंय?" दत्ताराम म्हणाले. "डोळे आलेत ना."

मग एकेका जिन्यातून आणखी पावलं वाजू लागली. एक, दोन, पुष्कळ. सेक्रेटरींनी एकही पाहिलं नाही.

नर्सिंगच्या शाळेच्या दारात मुलींची रांग होती. तीन-चार जणींना रांगेतूनच परत पाठवलं होतं. त्यातली एक भिंतीकडे तोंड करून उभी होती, प्रेमा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. पुढे डॉक्टरीणबाईंनी नलिनीची पापणी वर केली, खाली केली, चेहरा उजेडाकडे वळवला.

"स्वच्छ आहेत. घरी कुणाचे आलेत का?"

"वडलांचे आणि भावाचे. वसाहतीतल्या सगळ्याच पुरुषांचे."

"मग बघतं कोण त्यांना?"

"कालपर्यंत मी आणि आई."

"आणि आज?"

नलिनीने जरा विचार केला. "आज ते एकमेकांना बघतायत," ती म्हणाली. "सवय नाही, पण होईल."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नावापुढे खूण केली आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं.